तीन बीप

पंखे फिरतात म्हणजे तो जागा झाला असं नव्हे, बाचो.
झोपेत कूस बदलणाऱ्याला आपण जागा म्हणतो का?
ठेव इथं टेबलावर. केबल माझ्याकडे आहे.
तू फक्त तो कॉफीचा कप
माझ्या स्क्रूंपासून लांब धर.

ऐक.
एक बीप. दुसरी. तिसरी.
मग काळोख, मग परत पंखे, परत तीन.
उंबऱ्यापर्यंत येऊन मागे फिरणारा माणूस असतो ना,
काहीतरी सांगायचंय, आणि शब्द तीनच येतात.

मेमरी किती वर नेलीस?
खाली बघू नकोस, आकडा सांग.
पाकिटावर छत्तीसशे, तू केलेस चार हजार,
वर टायमिंग आवळलंस, सोळाचं चौदा,
व्हिडिओतल्या कुणीतरी केलं म्हणून.
त्याचा बोर्ड तुझा नव्हे. त्याच्या पट्ट्या तुझ्या नव्हेत.
एकाच कारखान्यातून एकाच दुपारी निघालेल्या दोन पट्ट्यांतही
एक दमाची असते, एक धापा टाकते.

मला विचार. मी पट्ट्यावर काम केलंय,
इथंच कुताइसीत, ट्रकच्या कारखान्यात,
एकोणीस वर्षांची होते.
मे महिन्यातल्या परेडच्या आधी
आमचा फोरमन शाल्वा पट्ट्याचा वेग वाढवायचा,
एक खाच, जेवणानंतर आणखी एक.
पट्टा कधी थांबला नाही.
वाईट तेच.
ट्रक निघत राहिले, पुढे कागदी फुलं लावून,
आणि रिकोटीच्या चढावर कुठंतरी
एखाद्या चाकाला आठवायचं
की आपल्याला पाच बोल्ट हवे होते.

असो. वायर काढ.
बटण दाबून धर, दहापर्यंत मोज,
पोटात उरलीसुरली वीज असते ती जाऊ दे.
आता एकच पट्टी, प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत.
लाव.
तीनच. ठीक आहे.
दुसरी पट्टी लाव. तीनच.
म्हणजे पट्ट्या मेल्या नाहीत,
दोघीही एकाच वेळी कशाला मरतील?
हट्ट बोर्डाच्या डोक्यात बसलाय.

ही बघ, कोटाच्या बटणाएवढी बॅटरी.
हिच्या जोरावर तो रात्रभर तुझे चार हजार घोकतो.
काढली. आता या दोन पिनांवर स्क्रूड्रायव्हरचं टोक.
आणि आता थांबायचं.
या थांबण्याचे मी पैसे घेत नाही.
घे, अक्रोडांची माळ आहे, द्राक्षाच्या रसात बुडवलेली,
माझ्या बहिणीनं पाठवलीय. बोटं पुसून मग हात लाव.

लाव आता.
एकच बीप, आखूड.
बघ, उठला. तारीख काय म्हणतो? एक जानेवारी,
तू तिसरीत असशील तेव्हाची.
पंख्यांचा वेग, कुठली डिस्क आधी, सगळं गेलं,
तुझे चार हजारही.
माफ केलं असं समजू नकोस,
नुसता विसरलाय.

काय म्हणालास? अडतीसशेवर महिनाभर नीट चालला?
भावाच्या लग्नाचा व्हिडिओ त्याच महिन्यात जोडलास ना?
लाव.
अकराव्या मिनिटाला थांबव.
टोस्ट देणाऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडावर
हा हिरवा चौकोन कुठून आला?
ग्लास वर आहे, सगळे हसतायत,
आणि तोंडाच्या जागी हिरवं.
कुठंतरी एका शून्याचा एक झाला.
तेव्हा कुणी बीप केलं नाही.

आज तो उठला नाही म्हणून तू चिडलास,
माझ्याकडे धावत आलास.
मला तर या तीन बीपांचं बरं वाटतं.
शाल्वाच्या पट्ट्याला एकही येत नव्हती.

राहू दे आज इथं. छत्तीसशेवर लावते,
सोळाच्या सोळा, रात्रभर तपासणी चालू दे.
सकाळी एक जरी लाल ओळ दिसली
तर चौतीसशे, आणि तोंड वाकडं करायचं नाही.
पंधरा लारी. आईला सांग, घाई नाही.

थांब, जाऊ नकोस.
हे सात आहेत. उघडला तेव्हा आठ होते.
कप उचल बघू.